थंड पाण्यातलं बुडालेलं जहाज: निर्णय बोटीवरच घ्यायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातली एक मुलगी सप्टेंबरमध्ये शिकायला स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला निघाली आहे. अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, तिने स्कूबा डायव्हिंगचा ॲडव्हान्स्ड कोर्स केलाय. चाळीसेक डायव्ह झालेत, सगळे २८-२९ अंशांच्या पाण्यात. ॲबर्डीनमधल्या मित्रांनी पुढच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या ऑर्कनी बेटांतल्या स्कापा फ्लोला आठवडाभरासाठी बोट ठरवली आहे. तिचं विचारणं असं: ७ मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे पाणी आत येऊ देणारा रबरी पोशाख, पुरेल का, बुडालेल्या जहाजाच्या आत जाता येईल का, आणि निघेपर्यंत बडोद्यात बसून काय तयारी करता येईल?

मी नोकरीनिमित्त अकरा वर्षं ॲबर्डीनला होतो आणि त्यातले नऊ उन्हाळे स्कापा फ्लोला गेलो. तेव्हा आधी सरळ उत्तरं देतो. वेटसूट पुरणार नाही. पहिल्या वर्षी आत जायचं नाही. आणि बडोद्यात बसून तुला वाटतं त्यापेक्षा बरंच करता येईल.

आता कारणं. ती जरा सावकाश वाच.

स्कापा फ्लो हे बेटांनी वेढलेलं मोठं नैसर्गिक बंदर. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन नौदलाची ७४ जहाजं तिथे अडकवून ठेवली होती. २१ जून १९१९ रोजी ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांच्या हुकमावरून जर्मन खलाशांनी आपलीच जहाजं बुडवायला घेतली आणि त्यातली ५२ बुडाली. पुढे १९२४ पासून अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगार व्यापाऱ्याने त्यातली बरीचशी वर काढली. आज डायव्हर जायला बघतात ती सात मोठी जहाजं: क्योनिग, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म आणि मार्कग्राफ या तीन युद्धनौका, आणि ब्रुमर, क्योल्न, ड्रेस्डेन, कार्ल्सरूह या चार क्रूझर. क्रूझर कुशीवर आडव्या झोपल्यात. कार्ल्सरूह सव्वीसेक मीटरवर, क्योल्न पस्तीस-छत्तीसवर. तिन्ही युद्धनौका मात्र पालथ्या पडल्यात, तळ वर आणि तोफा खाली, आणि मार्कग्राफचा तळ पंचेचाळीस मीटरपर्यंत जातो.

पाणी मार्चमध्ये सहा-सात अंश, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेरा-चौदा. तुम्ही मे महिन्यात जाणार असाल तर आठ-नऊ धर, म्हणजे फ्रीजमधून काढलेल्या बाटलीतलं पाणी. दिसतं पाच ते पंधरा मीटर, कधी त्याहून कमी. मे महिन्यात पाण्यात हिरवट गढूळपणा येतो, कारण त्या दिवसांत प्लवक वाढतं.

माझ्या पहिल्या हंगामातली गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवसाची दुसरी डायव्ह, चौतीस मीटर, पाणी नऊ अंश. डाव्या हातमोज्याच्या कड्यात आतल्या लोकरीच्या मोज्याचा एक धागा अडकला होता. मला तो दिसला नव्हता. तिथून थेंब थेंब पाणी आत येत राहिलं. दहाव्या मिनिटाला हात गार लागला, अठराव्या मिनिटाला बोटं लाकडाची झाली. वर निघायच्या वेळी खुणेचा फुगा सोडायचा होता आणि त्याची दोरी गुंडाळलेल्या रीलची कडी मला उघडता येईना. दोन वर्षं रोज उघडत आलेली कडी. ती बडीने, म्हणजे जोडीदार डायव्हरने, उघडली. पण मला खरी भीती वाटली ती नंतर, बोटीवर, आठवलं तेव्हा. खाली असताना मी सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा बघितला होता. ९० बार (बार हे दाबाचं माप) दिसलं. हे पुरेसं आहे की नाही, ते मला ठरवता येईना. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. आकडा वाचता येत होता, त्याचा अर्थ लागत नव्हता.

थंडी आधी बोटं घेते, मग डोकं. त्यात तीस मीटरच्या पुढे नायट्रोजनची गुंगी भर घालते, आणि ती काळोख्या, गार पाण्यात अधिक जाणवते. हॅवलॉकला तू तीस मीटरवर शांतपणे मासे बघत विचार करू शकतेस. इथे तो भरवसा धरता येत नाही. म्हणून किती वेळ खाली राहायचं, किती बारला परतायचं, कुठपर्यंत जायचं, काय झालं तर डायव्ह सोडायची, हे सगळं बोटीवर, कोरड्या डोक्याने, पाटीवर लिहून ठरवायचं. पाण्यात ते फक्त पाळायचं. पुढे लिहिलेलं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

वेटसूटचं बघू. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब काढून घेतं. वेटसूट ऊब धरतो ती त्याच्या रबरातल्या बारीक बुडबुड्यांमुळे. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे ते बुडबुडे चौथाईवर येतात. जिथे सर्वांत जास्त ऊब हवी तिथेच सूट पातळ होतो. शिवाय दोन डायव्हच्या मधे तू ओल्या सूटमध्ये ऑर्कनीच्या वाऱ्यात बसणार. तेव्हा ड्रायसूटच, म्हणजे पाणी अजिबात आत न येऊ देणारा सूट.

ड्रायसूट हा कपडा कमी आणि यंत्र जास्त आहे, तो स्वतंत्रपणे शिकावा लागतो. छातीवरच्या झडपेतून आत हवा सोडायची, डाव्या दंडावरच्या झडपेतून बाहेर काढायची. खाली जाताना हवा घातली नाहीस तर सूट अंगाला आवळतो, घड्यांच्या जागी चिमटे बसून वळ उठतात. वर येताना काढली नाहीस तर ती फुगून तुला वर ओढते. आणि हवा पायात गेली तर पाय वर, डोकं खाली होतं. त्या अवस्थेत दंडावरची झडप सर्वांत उंच राहत नाही, म्हणून हवा निघतच नाही. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ व्हायचं. हे उथळ पाण्यात निदान वीस वेळा केलेलं असलं पाहिजे, डोकं न वापरता अंगाने व्हायला पाहिजे. हॅवलॉकला तुला लागलेल्या वजनाच्या दुपटीहून जास्त शिसं लागेल, त्याने घाबरू नकोस.

काही बारीक गोष्टी, ज्या तिकडच्या प्रशिक्षकाला सुचायच्या नाहीत, कारण त्यांच्याकडे हे प्रश्नच येत नाहीत. डोक्याला तेल लावून ड्रायसूट घालू नकोस. मानेचं आणि मनगटाचं सील बहुतेक वेळा लॅटेक्सचं असतं, आणि तेलाने लॅटेक्स सडतं. आई खोबरेल बरोबर देणारच, तर त्या आठवड्यात ते बॅगेत राहू दे. बांगड्या, कडं, अंगठ्या काढून ठेव. आत सुती बनियन अजिबात नको, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तो गार होतो. अंगाला लागून लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर जाड आतला सूट. आणि पाणी कमी पिऊ नकोस. थंड पाण्यात लघवी जास्त होते, म्हणून बोटीवर बायका पाणी प्यायचं टाळतात. शरीरातलं पाणी कमी झालं की बेंड्सचा, म्हणजे वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या आजाराचा, धोका वाढतो. तिथल्या अनुभवी डायव्हर मुलींना याबद्दल न लाजता विचार, सोय असते.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र, उष्ण पाण्याचा नेऊ नकोस. सिलिंडरमधली दाबाखालची हवा रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे सिलिंडरला जोडलेल्या भागात, एकदम पसरते आणि पसरताना गार होते. पाणी आधीच थंड असेल तर आत बर्फ धरतो, झडप उघडी राहून अडकते, आणि हवा धो धो वाहायला लागते. युरोपीय मानकात १० अंशांखालचं पाणी थंड पाणी धरतात आणि त्यासाठीची चाचणी वेगळी असते. तशी चाचणी झालेला, पहिला टप्पा सीलबंद असलेला रेग्युलेटर घे किंवा भाड्याने घे. बोटीवरच्या गार हवेत उगाच त्यातून श्वास घेऊन बघू नकोस. पाण्यात सूट किंवा बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट) फुगवताना बटण दाबून धरायचं नाही, टिचक्या मारल्यासारखी थोडी थोडी हवा द्यायची, आणि त्याच क्षणी मोठा श्वास ओढायचा नाही. एका वेळी हवेची एकच मागणी.

आता हिशेब. हा मी मुद्दाम पूर्ण मांडतोय, कारण तुझ्या प्रश्नात तो कुठेच नाही आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच.

समज पृष्ठभागावर तुझा श्वास मिनिटाला २० लिटर. तीस मीटरवर चौपट दाब, म्हणजे मिनिटाला ८० लिटर. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं की २४०० लिटर हवा. वरवर पाहिलं तर तीस मिनिटं.

पण सर्वांत वाईट क्षण धर. डायव्हच्या शेवटी, सगळ्यात खोल असताना, बडीची हवा गेली. आता एका सिलिंडरवर दोघं, दोघं घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, मिळून ६०. खाली सावरायला दोन मिनिटं: ६० गुणिले ४ गुणिले २, म्हणजे ४८० लिटर. वर यायला चार मिनिटं, सरासरी दाब अडीच: ६०० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, दाब दीड: २७० लिटर. एकूण १३५० लिटर. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये हे ११२ बार होतात. म्हणजे काटा साधारण ११५ वर आला की तू वर निघालेली असायला हवीस. तुला स्वतःसाठी उरले ८५ बार, सुमारे हजार लिटर, म्हणजे तीस मीटरवर तेरा मिनिटंसुद्धा पूर्ण नाहीत. खाली जातानाची हवा त्यातच आली.

हे गणित एकदा मांडलं की स्कापा फ्लोच्या बोटींवर बहुतेकांच्या पाठीवर दोन-दोन सिलिंडर का असतात ते कळतं. दोन बाराची जोडी म्हणजे २४ लिटर, त्यात तेच १३५० लिटर ५६ बारमध्ये बसतात. शिवाय दोन रेग्युलेटर, मधे बंद करायची झडप, म्हणजे एक बाजू गोठून वाहायला लागली तर ती बंद करून दुसरीवर राहता येतं. मागे हात नेऊन ती झडप जाड हातमोज्याने फिरवता आली पाहिजे. आली नाही तर ती जोडी पाठीवर नुसतं ओझं आहे. आणि माझे ९० बार? त्या दिवशी माझ्या पाठीवर एकच सिलिंडर होतं. हा हिशेब मी तेव्हा मांडलेला नव्हता.

नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, कोर्स करून घे. ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण चौतीस मीटरच्या आत, २८ टक्क्यांचं चाळीसपर्यंत. प्रत्येक सिलिंडर स्वतः मोजायचं, दुसऱ्याने लिहिलेल्या चिठ्ठीवर विसंबायचं नाही.

जहाजाच्या आत जाण्याबद्दल. तुझे मित्र म्हणतात की क्योल्नला मोठमोठी भोकं आहेत, एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येतं, उजेड दिसत राहतो. भोकं आहेत हे खरं. ती का आहेत ते त्यांना विचार. नंतरच्या भंगारवाल्यांनी इंजिनाच्या खोल्यांतलं तांबं-पितळ काढायला सुरुंग लावले. म्हणजे कडा फाटलेल्या, पत्रे लोंबकळणारे, आणि शंभर वर्षांचा गंज. दर हंगामात थोडं काहीतरी कोसळतं. गेल्या वर्षी कुणी सुखरूप गेलं, हा यंदाचा पुरावा होत नाही.

तू बडोद्याजवळची सेवासीची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघितली असशील. दुपारी बाराला पायऱ्या उतरायला लागलीस की मागे उजेड असतो, आणि तीन मजले खाली गेल्यावरही वळून बघितलं तर आकाश दिसतं. त्यामुळे परतीची वाट डोळ्यासमोर आहे असं वाटतं. आता कल्पना कर, त्याच वावेत धूळ उठली आणि सगळं एकदम काळं झालं. जहाजाच्या आत गाळ तसाच असतो, फिनचा एक झटका पुरे. तू काहीही न करता नुसती स्थिर राहिलीस तरी तुझ्या श्वासाचे बुडबुडे वर छताला लागतात आणि गंजाचा चुरा खाली पडतो. वावेत तरी पायऱ्या खालीच असतात. आडव्या क्रूझरमध्ये भिंत म्हणजे जमीन आणि दार म्हणजे पायाखालचा खड्डा. पालथ्या युद्धनौकेत तर वर-खाली सगळंच उलटं. उजेड गेला की डोक्यातला नकाशा कामाला येत नाही.

आत जायला वेगळं शिक्षण असतं: बाहेरून बांधलेली दोरी, तीन दिवे, एक तृतीयांश हवा जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेली अडचणीसाठी. ते शिकून, थंड पाण्यात शंभरेक डायव्ह करून मग विचार कर. मी चौथ्या हंगामापर्यंत आत गेलो नाही आणि त्या तीन हंगामांत कधी कंटाळलो नाही. क्योल्नच्या बाहेरच्या अंगाने दीडशे मीटर पोहत जाताना तोफा दिसतात, कवच चढवलेला नियंत्रण बुरूज दिसतो, आणि सगळ्यावर पांढऱ्या-नारिंगी समुद्रफुलांचा थर. क्रोनप्रिन्झ विल्हेल्मच्या खालच्या कडेला बारा इंची तोफा अजून आहेत. या तिन्ही युद्धनौका १९१६ च्या जटलंडच्या समुद्री लढाईत होत्या, हे आठवलं की तिथे आपोआप शांत राहायला होतं.

याच पाण्यात एचएमएस रॉयल ओक ही ब्रिटिश युद्धनौका आहे. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री जर्मन पाणबुडीने ती बुडवली, आठशेहून जास्त माणसं गेली. ती कबर मानली जाते, तिथे डायव्हिंगला बंदी आहे. लॉर्ड किचनर, जे १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते, ते ज्या हॅम्पशायर या जहाजाबरोबर १९१६ मध्ये बुडाले तीही ऑर्कनीच्याच पश्चिम किनाऱ्याला आहे आणि तिलाही तेच संरक्षण. सात जर्मन जहाजं बघायला मोकळी, पण कायद्याने संरक्षित. एक खिळा, एक बशीचा तुकडाही उचलायचा नाही. कुणी मित्र पिशवी घेऊन उतरताना दिसला तर त्याच्याबरोबर उतरू नकोस.

वर येतानाचं एक फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगांत दिसलं की खाली ऊबदार आणि थांब्याच्या वेळी गार, ही बेंड्ससाठी सर्वांत वाईट जोडी. खाली ऊबदार अंगात रक्त जोरात फिरतं, नायट्रोजन भराभर शिरतो. वर थांब्याला अंग गारठलं की हातापायांचं रक्त आखडतं आणि तो बाहेर पडत नाही. थंड पाण्यात नेमकं हेच होतं, कारण थांबा शेवटी असतो. तेव्हा मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर अजून दहा मिनिटं देत असला तरी हुडहुडी भरली की डायव्ह संपली, आणि पाच मीटरचा थांबा तीनऐवजी पाच मिनिटांचा कर. वर आल्यावर लगेच कढत पाण्याच्या शॉवरखाली उभं राहायचं नाही. आल्याचा चहा थर्मासमध्ये ने, तो पी, आणि तासभर जड काही उचलू नकोस.

आता बडोदा. निघायला पाच महिने आहेत ना?

बर्फाची लादी आण, बादलीत पाणी घालून थर्मामीटरने आठ अंशांवर आण. पाच मिलिमीटरचे हातमोजे मागवून घे. ते घालून दोन्ही हात बादलीत, आणि हात पाण्यातच ठेवून कडी उघडायची, लावायची, रील गुंडाळायची, पाटीवर लिहायचं. जवळ भाऊ किंवा बहीण बसव. त्यांनी मधेच विचारायचं: काटा १३० वर आहे, खोली अठ्ठावीस, पुढे काय? पाच मिनिटांनी उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते त्यांनी घड्याळात बघायचं. बोटं पांढरी पडली किंवा बधिर झाली की लगेच बाहेर काढायची. हे मी उन्हाळ्यात, बाहेर बेचाळीस अंश असताना, तिघा-चौघांकडून करून घेतलंय. पहिल्या दिवशी कुणालाच कडी वेळेत उघडत नाही. तिसऱ्या आठवड्यात उघडते.

रीलचं तर तुला घरबसल्या येतं. उत्तरायणाला फिरकी धरली आहेस ना? पतंग ओढत असताना ढील किती द्यायची, दोर सैल पडून गुंता होऊ द्यायचा नाही, बोटाने फिरकी अडवायची, तेच सगळं. फक्त इथे पतंगाच्या जागी वर जाणारा फुगा आहे आणि फिरकी अडकली तर सोडून द्यायची, धरून ठेवायची नाही. धरलीस तर तो तुला वर नेईल. गच्चीवर डोळे बांधून गुंडाळायचा सराव कर.

विश्वामित्रीत मगरी आहेत, तेव्हा उघड्या पाण्याचा विचार सोड. तरणतलावात रोज पोहून दम वाढव, आणि अंग आडवं ठेवून बेडकासारखे पाय मारायची सवय लाव, म्हणजे गाळ उठणार नाही.

तिकडे गेल्यावरचा क्रम मी असा धरेन. ऑक्टोबरमध्ये ड्रायसूटचा कोर्स. मग हिवाळ्यात लॉक फाइनसारख्या समुद्री खाडीत आणि जमेल तसं सेंट ॲब्जला, वीस मीटरच्या आत, निदान वीस-पंचवीस डायव्ह. दोन सिलिंडरची जोडी फेब्रुवारीपासून. मित्रांना सांग की बोट मे महिन्याऐवजी ऑगस्टच्या शेवटी मिळते का बघा, ते चार-पाच अंश फार मोठे आहेत. बोट मिळाली तर पहिल्या दिवशी एफ-२ नावाचं छोटं जहाज, सोळा-सतरा मीटरवर. दुसऱ्या दिवशी कार्ल्सरूह. क्योल्न तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तेही आधीच्या डायव्हना हात आणि डोकं शाबूत राहिलं तर. युद्धनौका यंदा राहू दे. बरा साउंड या सामुद्रधुनीतल्या जहाजांकडे भरती-ओहोटीच्या मधल्या निवांत वेळेतच जाता येतं, नाहीतर प्रवाह कुणाला उभं राहू देत नाही. ती वेळ बोटीचा कप्तान सांगतो, त्यात त्याच्याशी वाद घालायचा नाही.

माझा जुना हातमोजा, तोच, कड्यासकट अजून माझ्याकडे कारेलीबागेत आहे. एखाद्या रविवारी बादलीचा सराव करायला घरी ये. धागा कुठे अडकला होता ते दाखवतो, म्हणजे घालताना कुठे बोट फिरवून बघायचं ते कळेल.